राँग नंबर कळला, तरी धडधड थांबत का नाही?

रात्री अडीचला फोन वाजतो. आपण दचकून उठतो, अंधारात चाचपडत फोन शोधतो. आई गावाला एकटी असते, मुलगा हॉस्टेलवर असतो. तेवढ्या चार-पाच सेकंदांत नको नको ते मनात येऊन जातं. पलीकडून कुणीतरी झोपाळू आवाजात विचारतं, ‘सुरेश आहे का?’ राँग नंबर! जीव भांड्यात पडतो. कुणाला काही झालेलं नाही, हे पक्कं कळतं. तरीही छाती धडधडत राहते, हात थरथरत असतात आणि झोप पार उडालेली असते. शेजारी झोपलेला नवरा कूस बदलत म्हणतो, ‘अगं, राँग नंबर होता ना, झोप आता.’ तेच आपणही स्वतःला बजावतो. पण शरीर काही ऐकत नाही.

चिंतेचा त्रास असलेल्या माणसाला ‘उगाच विचार करू नकोस’ हा सल्ला घरीदारी ऐकावा लागतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. सल्ला लागू पडला नाही, की ऐकणाऱ्याला वाटतं, आपलंच मन कच्चं. हे वाटणं फार अन्यायाचं आहे. समजावल्याने धडधड का थांबत नाही, याला शरीराच्या रचनेतच सरळ कारण आहे, आणि कारण समजलं की काय केल्याने ती ओसरेल हेही त्यातूनच कळतं.

बिथरलेलं मांजर आणि थांबलेलं पोट

एक्स-रेचा शोध १८९५ सालचा. त्यानंतर दोनच वर्षांत हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणारा वॉल्टर कॅनन या किरणांखाली मांजरांचं पचन पाहू लागला. खाण्यात बिस्मथचा क्षार कालवला की अन्नाची सावली पडद्यावर स्पष्ट उमटे आणि जठराच्या भिंतीवरून एकामागून एक सरकणाऱ्या लाटा मोजता येत. मात्र मांजर बिथरलं, की या लाटा जागच्या जागी थांबत. ते शांत झालं, की काही वेळाने पुन्हा सुरू होत. कॅननला पचनाचा अभ्यास करायचा होता, पण या अडथळ्यानेच त्याला आयुष्यभराचा विषय दिला. भीती, राग, भूक आणि वेदना यांनी शरीरात काय बदल होतात, यावरचं त्याचं पुस्तक १९१५ साली निघालं. संकटात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही आज शाळेतही शिकवली जाणारी कल्पना त्याचीच.

ही सज्जता घडवून आणते ती अनुकंपी चेतासंस्था. पाठीच्या कण्यातून निघणारं मज्जातंतूंचं हे जाळं हृदय, फुप्फुसं, आतडी, घामाच्या ग्रंथी, सगळीकडे पोचलेलं असतं. धोक्याची चाहूल लागताच हृदय जोरात चालू लागतं, श्वासनलिका रुंदावतात, रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम फुटतो. ताणलेले स्नायू थरथरतात. यातलं एकही लक्षण बिघाडाचं नाही. वाघ समोर आला असता, तर यातल्या प्रत्येकाने जीव वाचवायला हातभार लावला असता.

अडचण आहे ती वेळेच्या हिशेबाची. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडतात. ते निम्म्यावर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याच ग्रंथींमधून येणारं कॉर्टिसॉल आणखी सावकाश चढतं. घटना सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर जाते. म्हणजे राँग नंबर असल्याचं आपल्याला पाचव्या सेकंदाला कळतं, पण रक्तातलं रसायन तेव्हा कुठे कामाला लागलेलं असतं. कळलं म्हणून रक्तात सोडलेलं परत घेता येत नाही. त्यात भर म्हणजे, पडल्या पडल्या ‘आता झोप नाही लागली, तर उद्या ऑफिसात काय होणार’ असा एक विचार आला, की अ‍ॅड्रेनलिनचा नवा हप्ता सुटतो.

आधी भीती की आधी धडधड?

आपल्याला वाटतं, आधी मन घाबरतं आणि मग शरीर थरथरतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८४ साली एका लेखात हा क्रम उलटा करून टाकला. त्याचं म्हणणं असं, की शरीरातल्या बदलांची मेंदूला होणारी जाणीव म्हणजेच भावना. आपण थरथरतो, म्हणून आपल्याला भीती वाटते. त्यावर पुष्कळ टीका झाली. कॅनन त्या टीकाकारांत अग्रणी होता. वेगवेगळ्या भावनांत आतल्या अवयवांची हालचाल सारखीच असते, मग राग आणि भीती वेगळ्या कशा ओळखू येतात, असा त्याचा सवाल होता, आणि तो रास्तच होता.

जेम्सच्या म्हणण्यात तथ्य किती, हे तपासायचं तर फक्त हृदय वेगाने चालवायला हवं, बाकी कशालाही धक्का न लावता. ते जमलं २०२३ साली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाच्या पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारं एक प्रथिन घातलं आणि छातीवर बांधलेल्या चिमुकल्या दिव्याने त्यांचे ठोके मिनिटाला नऊशेपर्यंत नेले. उंदराचं हृदय एरवीही सहाशेच्या आसपास पळत असतं. साध्या, सुरक्षित जागेत ठोके वाढवल्याने उंदरांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. पण जिथे थोडा धोका होता, तिथे ते जास्त बिचकू लागले, उघड्यावर जाईनात. मेंदूचा इन्सुला नावाचा भाग शांत केला, तेव्हा ही भीती ओसरली, हृदय तसंच पळत असूनही. शरीराच्या आतल्या खबरा इन्सुला या भागात गोळा होतात.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण जेम्स आणि कॅनन दोघांनाही त्यात आपापला वाटा मिळतो. नुसती धडधड म्हणजे भीती नव्हे. पण शंकेला जागा असेल, तर मेंदू धडधडीचा अर्थ ‘धोका आहे’ असाच लावतो. निकालाची, रिपोर्टची, कुणाच्या तरी फोनची वाट पाहत बसलेल्या माणसाभोवती शंकेला जागाच जागा असते. अशा वेळी समजूत घालणारं मन एकीकडे बोलत असतं आणि छातीतून वर जाणारी खबर त्याचं म्हणणं खोडून काढत असते. ती खबरच बदलली तर?

घाट उतरणारी एसटी

हृदयात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोक्याची लय तोच ठरवतो. त्याला कुणीही काही सांगितलं नाही, तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. मग आरामात बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या घरात कशी? कारण तिच्यावर सतत ब्रेक लावलेला असतो. घाट उतरणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. उतारावर गाडी आपोआपच पळणार असते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर हलकेच टेकलेला असतो. वेग वाढवायला त्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबावा लागत नाही, पाय जरासा उचलला तरी पुरतं. थांबवायचं झालं, तर तोच पाय थोडा अधिक दाबायचा.

हृदयावरचा हा ब्रेक म्हणजे व्हेगस मज्जातंतू. मेंदूच्या तळापासून निघून मानेतून खाली उतरत तो हृदय, फुप्फुसं, जठर आणि आतड्यांपर्यंत जातो. शरीराला स्वस्थ करणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा तो मुख्य भाग. हृदयरोपण झालेल्या माणसात हा तंतू कापला गेलेला असतो, त्यामुळे नव्या हृदयाची नाडी आरामातही नव्वद ते एकशे दहाच्या दरम्यान राहते. ब्रेक नसला की गाडी कशी चालते, ते तिथे उघड दिसतं.

ब्रेक लागतो कसा, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ओट्टो लोवी याने दाखवलं. बेडकाची दोन धडधडती हृदयं त्याने खारट पाण्यात ठेवली. पहिल्याचा व्हेगस विजेने चेतवला, तसं ते मंदावलं. मग त्या हृदयाभोवतालचं पाणी त्याने दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसऱ्याला विजेचा स्पर्शही झालेला नव्हता, तरी तेही मंदावलं! मज्जातंतू काहीतरी रसायन सोडतो, हे त्यातून सिद्ध झालं. त्याचा हा शोध १९२१ साली प्रसिद्ध झाला, पुढे ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचं ठरलं आणि १९३६ चं नोबेल पारितोषिक त्याला हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. प्रयोगाची युक्ती आपल्याला स्वप्नात सुचली, असं लोवी सांगत असे.

आपल्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट म्हणजे वेग. अ‍ॅड्रेनलिन मिनिटांच्या हिशेबाने चालतं. व्हेगसचा परिणाम मात्र पुढच्या एका-दोन ठोक्यांतच दिसतो. शिवाय या तंतूतले बहुतेक धागे, सुमारे ऐंशी टक्के, मेंदूकडून खाली येत नाहीत, तर खालून मेंदूकडे जातात. अवयवांची हालहवाल वर पोचवणं हेच त्यांचं काम.

आता हे स्वतःच्या हातावर पाहा. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली, मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं हलकेच ठेवा. नाडी सापडली की सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ-जवळ येतात, बाहेर सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुणांत हे सहज कळतं, वयाबरोबर फरक कमी होत जातो. श्वास घेताना ब्रेकवरचा पाय उचलला जातो, उच्छ्वासात तो पुन्हा टेकतो. दिवसभर, झोपेतही, हे चालू असतं.

श्वास लांबवायचा, पण कोणता?

हृदयाला ‘हळू चाल’ असं आपण सांगू शकत नाही. आतड्यांनाही नाही. आपोआप चालणाऱ्या कामांपैकी श्वास मात्र असा आहे, की तो आपला आपण चालतो आणि वाटलं तर आपल्या ताब्यातही येतो. म्हणूनच शरीराकडून मेंदूपर्यंत जायची वाट श्वासापासून सुरू होते.

घाबरलेल्या माणसाला सगळे सांगतात, ‘मोठा श्वास घे.’ बिचारा भराभर मोठे मोठे श्वास घेऊ लागतो आणि आणखी घाबराघुबरा होतो. त्याला ऑक्सिजन कमी पडत नसतोच. भरभर श्वासाने उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. त्या पाहून ‘आता काहीतरी होणार’ ही खात्रीच पटते. अशा वेळी कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी रीत आता डॉक्टर सांगत नाहीत. त्रास खरोखरच हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असला, तर ती घातक ठरते. सांगायला हवं ते एवढंच, की ‘श्वास हळू सोड.’ आत घ्यायला चार अंक मोजले, तर सोडायला सहा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले, म्हणजे वेग बरोबर जमला.

सहाच का? मानेतल्या आणि हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत रक्तदाब जोखणाऱ्या पेशी असतात. दाब वाढला की त्या व्हेगसमार्फत हृदय मंद करतात, कमी झाला की मोकळं सोडतात. या घालमेलीचं एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं असतं. श्वासही दहा सेकंदांचा केला, की दोन्ही एका लयीत येतात आणि ठोक्यांतला चढउतार सर्वांत मोठा होतो.

इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुरेख निरीक्षण मांडलं. तेवीस जणांना त्यांनी कधी लॅटिन भाषेतली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला दिली, तर कधी ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्हींत श्वास आपसूकच मिनिटाला सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर झाली. कारण उघड आहे: शब्द उच्छ्वासावरच उमटतात. ओळ लांब, तर उच्छ्वास लांब. तिन्हीसांजेला दिव्यापाशी संथ लयीत रामरक्षा म्हणणाऱ्या आजीचा उच्छ्वासही असाच लांबत असणार. देवावर विश्वास नसलेल्याने आवडतं गाणं सावकाश गुणगुणलं, तरी फुप्फुसांना फरक पडणार नाही.

स्टॅनफर्डमध्येच झालेला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास उपयोगी आहे. त्यात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे श्वसनप्रकार किंवा ध्यान केलं. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. प्रसन्नता सर्वांत वाढली ती सुस्कारा टाकणाऱ्यांची: नाकाने एक श्वास, तो पुरा होताच वर आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांबलचक उच्छ्वास. त्या छोट्या दुसऱ्या श्वासाने फुप्फुसांतले मिटलेले वायुकोश उघडतात. रडून थकलेलं मूल झोपी जाताना असाच दुहेरी हुंदका देतं.

श्वास आणि मेंदूची जागरूकता यांची प्रत्यक्ष जोडणीही सापडली आहे. श्वासाची लय ठरवणाऱ्या मेंदूतल्या केंद्रातल्या पावणेदोनशे पेशी, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उंदरांमधून काढून टाकल्या गेल्या. त्यानंतर उंदीर श्वास घेत राहिले, पण हुंगत, धावत सुटण्याऐवजी निवांत बसून अंग चाटू लागले. मेंदूला जागं ठेवणाऱ्या भागाला श्वासाची बातमी देणाऱ्या पेशी त्याच होत्या.

ताठलेले खांदे आणि केईएममधलं शवासन

चिंतेत स्नायू ताठतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. हे वाचताना दातांवर दात घट्ट बसलेत का, खांदे कानांकडे सरकलेत का, ते पाहा. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी यावर आयुष्य घालवलं. त्यांचं मुख्य पुस्तक १९२९ चं. पद्धत अगदी साधी आहे. मूठ आवळा, ताण नीट ओळखा, मग एकदम सोडा आणि सुटलेपणही नीट ओळखा. असं पायापासून कपाळापर्यंत एकेका स्नायूचं करत जायचं. ताण कसा लागतो हे ओळखायला आलं, तरच तो सोडता येतो, हे त्यांचं सांगणं मला शंभर टक्के पटतं. ‘रिलॅक्स हो’ असं नुसतं म्हणण्याने काही सुटत नाही.

आपल्याकडे हा अभ्यास परका नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि योगक्रिया एक्स-रेखाली तपासल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली निष्कर्ष छापले: काहींचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. पुढे लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी तुलनेचा गट ठेवून चाचण्या घेतल्या आणि त्या ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. हे सारं रक्तदाबाबद्दल आहे, चिंतेबद्दल नाही. पण अनुकंपी चेतासंस्था दोन्हीकडे एकच आहे.

चौकट : धडधड सुरू झाली, तर
उभे असाल तर बसा, पाठ टेका. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. मग चार अंक आत, सहा अंक बाहेर, पाच मिनिटं. पोट हलू द्या, खांदे हलू नयेत. मुठी आवळून सोडा, जबडा सैल करा. श्वासाकडे लक्ष दिल्याने घाबरायला होत असेल, तर तो नाद सोडा. तळपाय जमिनीला दाबा, खोलीतल्या वस्तू पाहा किंवा वेगाने चालायला लागा. रोज शांत असताना सराव केला, तर वेळेला जमेल. घटना घडून गेली असेल, तर रसायन ओसरायला वेळ द्या.

रीलवरचा व्हेगस

हल्ली ‘व्हेगस रीसेट’च्या रीलचा सुळसुळाट आहे. त्यातलं गार पाणी खरं आहे: चेहरा थंड पाण्यात बुडवून श्वास रोखला की हृदय मंदावतं. पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्याच सस्तन प्राण्यांत ही प्रतिक्रिया असते. मात्र हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. मानेवर दाबून ‘व्हेगस मसाज’ करायला सांगणाऱ्यांपासून तर दूरच राहावं. तिथल्या धमनीवर दाब पडून भोवळ येऊ शकते, आणि उतारवयात धमनीत साचलेला थर सुटून पक्षाघाताचाही धोका असतो. शस्त्रक्रिया करून व्हेगसला विजेचे झटके देणारं यंत्र हा वेगळाच उपचार आहे. अमेरिकेत त्याला फेफऱ्यासाठी १९९७ साली आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी २००५ साली मान्यता मिळाली. गुणगुणण्याशी त्याची तुलना करणं चूक आहे.

धडधड मुद्दाम आणायची, तेव्हा

काही जणांना धडधडीचीच धास्ती बसते. जरा नाडी वाढली की ‘हार्ट अटॅक’, ही धास्ती अ‍ॅड्रेनलिन वाढवते, त्याने नाडी आणखी वाढते. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिक अटॅकचं हे चक्र मांडलं. अशा माणसाला दर वेळी श्वासाचा आधार दिला, तर ‘श्वास सांभाळला म्हणून वाचलो’ असं त्याला वाटत राहतं, आणि भीती कायम राहते. म्हणून मानसोपचारात वेगळा मार्ग धरतात. थेरपिस्टसमोर त्याला जागच्या जागी धावायला, खुर्चीत गरगर फिरायला, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतात. धडधड येते, चक्कर येते, आणि काहीही न करता ती ओसरते. असं पुन्हा पुन्हा अनुभवलं, की मेंदू त्या खबरेचा अर्थ बदलतो. हे मात्र प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करावं.

त्याआधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच. थायरॉईड वाढलं, हिमोग्लोबिन उतरलं किंवा साखर कमी झाली, तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. कित्येक बायकांची ‘टेन्शनची धडधड’ रक्त तपासल्यावर अ‍ॅनिमियाची निघते. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, गार घाम असं काही असेल, तर श्वास मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. आणि चिंतेने झोप, जेवण, कामावर जाणं महिनाभर विस्कटलेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जवळपास कुणी नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.